घोषणा पन्नास कोटींची, उचल किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मित्रदेशांच्या सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी भारत जी कर्जं देतो त्यांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला, आणि त्यावर आलेली दोन पत्रंही. एका पत्रलेखकाची छाती अभिमानाने फुगली आहे. दुसऱ्यांना वाटतं, घरच्यांच्या तोंडचा घास काढून आपण परक्यांना तोफा वाटतो आहोत. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे जाहीर झालेले डॉलर खरोखर दिले गेले.

माझी सगळी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. निर्यातदारांची कागदपत्रं तपासायची, हुंड्या वटवायच्या, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं आली की ती शाखांना समजेल अशा भाषेत उतरवून पाठवायची, हे माझं काम. त्यामुळे ‘पन्नास कोटी डॉलर’ असा आकडा दिसला की माझी नजर आपोआप पुढचा रकाना शोधते. मंजुरी इतकी, मग उचल, म्हणजे त्यातली प्रत्यक्ष वापरलेली रक्कम, किती? बातम्यांमध्ये हा दुसरा रकाना सहसा नसतो. आपल्या लेखातही नव्हता.

व्हिएतनामचंच घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये पंतप्रधान मोदी हनोईला गेले तेव्हा संरक्षण खरेदीसाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर झालं. चीनला शह, दक्षिण चीन समुद्रात भारत, असं बरंच काही तेव्हा छापून आलं. पुढे जून २०२२ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हनोईला गेले, आणि त्या वेळी दोन्ही बाजूंनी काय ठरवलं, तर याच ५० कोटींच्या कर्जाला लवकरात लवकर अंतिम रूप द्यायचं. मधे जवळजवळ सहा वर्षं गेली होती. आमच्या शाखेत एखाद्या कर्जदाराने मंजुरीपत्र इतकी वर्षं घडी घालून ठेवलं असतं, तर आम्ही त्याला नवा अर्ज भरायला लावला असता.

गंमत अशी की त्याच दौऱ्यात, ९ जूनला, हायफाँगच्या हाँग हा गोदीत बारा वेगवान गस्ती नौका व्हिएतनामच्या हवाली झाल्या. अनेकांना त्या ५० कोटींतल्याच वाटल्या. नव्हत्या. त्या आधीच्या, १० कोटी डॉलरच्या कर्जातल्या. हे कर्ज लहान, त्यावर कुणी अग्रलेख लिहिले नाहीत, पण तेच कामी आलं. बारांपैकी पहिल्या पाच नौका लार्सन अँड टुब्रोने चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीच्या गोदीत बांधल्या आणि उरलेल्या सात हाँग हा गोदीतच बांधल्या गेल्या. माझ्या मते या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट ती सातच आहे. कारण उद्या त्या नौकांचा पत्रा बदलायचा झाला तर तो कसा बसवला होता हे माहीत असलेली माणसं तिथेच आहेत.

तो व्यवहार तडीस गेला याचं कारण मला तरी सरळ दिसतं. नौका कुणाला हव्यात ते ठरलेलं होतं, व्हिएतनामच्या सीमा रक्षक दलाला. कशासाठी हव्यात तेही ठरलेलं होतं. आणि ती वस्तू आपल्याला बनवता येत होती. पन्नास कोटींच्या बाबतीत रक्कम आधी ठरली आणि वस्तू मागाहून शोधायची होती. कर्ज असं कधी मंजूर करू नये, हे आम्ही नव्या अधिकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएतनामचे पंतप्रधान फाम मिन्ह चिन्ह दिल्लीला आले तेव्हा ३० कोटी डॉलरच्या कर्जाचं ठरलं, सागरी सुरक्षेसाठी. या वेळी निदान कशासाठी ते बरंच स्पष्ट आहे, म्हणून मला थोडी आशा वाटते.

आता ‘तोंडचा घास’ म्हणणाऱ्या पत्रलेखकांसाठी. या कर्जाचा पैसा फिरतो कसा, ते बहुतेकांना ठाऊक नसतं. दिल्लीहून कुणा परदेशी सरकारच्या खात्यात डॉलर जात नाहीत. कर्ज देते एक्झिम बँक, म्हणजे निर्यात-आयातीसाठीची सरकारी बँक, आणि तिच्यामागे हमी असते भारत सरकारची. मित्रदेशाने काय हवं ते कळवायचं, आपल्या सरकारने त्याला मान्यता द्यायची, मग भारतीय पुरवठादाराशी करार, मग त्या कराराला एक्झिम बँकेची संमती. माल जहाजावर चढला की पुरवठादार बीजक, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) वगैरे आपल्या बँकेत आणून देतो आणि त्याचे पैसे त्याला इथेच, रुपयांत मिळतात. परदेशी सरकार पुढे वर्षानुवर्षं एक्झिम बँकेला सहामाही हप्ते भरत राहतं. म्हणजे कर्जदार देश परका, पण पैसा भारतातल्या भारतात फिरतो.

अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँक परिपत्रक काढते. मजकूर जवळपास साच्यातला असतो. किमान पंच्याहत्तर टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या, उरलेल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत बाहेरून चालतील. आणि शेवटी एक कलम असतं, या कर्जाखालच्या निर्यातीवर दलाली देय नाही. बोफोर्स तोफांच्या दलालीच्या बातम्या रोज सकाळी वाचून नोकरीला जाणाऱ्या पिढीतली मी. ते कलम टाइप करून घेताना मला दर वेळी बरं वाटायचं.

मग या देशाचा खर्च होतो तो कुठे? दोन ठिकाणी. गरीब देशांना हे कर्ज दीड-पावणेदोन टक्क्यांनी मिळतं, मुदत वीस-पंचवीस वर्षांची आणि पहिली पाच वर्षं मुद्दल भरायचं नाही. एक्झिम बँकेला स्वतःला बाजारात पैसा या दराने मिळत नाही. मधला फरक सरकार भरतं. दुसरा खर्च जोखमीचा. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जांची परतफेड थांबवली, तेव्हा आपली कर्जंही त्यात अडकली आणि पुढे फ्रान्स व जपानच्या जोडीने आपल्याला फेररचनेच्या वाटाघाटींत बसावं लागलं. ती कर्जं रेल्वेची, इंधनाची होती. रेल्वेला निदान भाडं मिळतं. गस्ती नौका तिकीट फाडत नाही. तिचा हप्ता त्या देशाच्या करदात्यालाच भरावा लागतो, आणि त्या देशाचा अर्थमंत्री हे आपल्यापेक्षा नीट जाणून असतो. संरक्षण कर्जांची उचल होत नाही याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं. संरक्षणमंत्री हस्तांदोलन करतात, अर्थमंत्री फाईल दाबून बसतात.

दुसरं कारण, त्यांना हवं असतं एक आणि आपल्या यादीत असतं दुसरं. फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्र हवं होतं. त्यांनी जानेवारी २०२२ मध्ये सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोहोचलीसुद्धा. ज्याला वस्तू मनापासून हवी असते त्याचा व्यवहार असा झटपट होतो.

बांगलादेशची कथा मात्र याहून कडू आहे. एप्रिल २०१७ मध्ये शेख हसीना दिल्लीत असताना ५० कोटी डॉलरच्या संरक्षण कर्जाचा सामंजस्य करार झाला. पुढची सात वर्षं त्यातून फारसं काही उचललं गेलं नाही. २०२४ च्या जुलैच्या सुमारास कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीला त्या कर्जातून एका सागरी टग बोटीचं काम मिळालं, सुमारे २.१ कोटी डॉलरचं. महिनाभरात, ५ ऑगस्टला, हसीनांना देश सोडावा लागला. मे २०२५ मध्ये बांगलादेशने ते काम रद्द केलं आणि गोदीने शेअर बाजाराला तसं कळवलं. पन्नास कोटींच्या घोषणेतलं नाव घेण्याजोगं काम एका टग बोटीचं, आणि तेही गेलं. सरकार बदललं की कर्ज बुडतं असं नाही, पण न उचललेलं कर्ज मात्र हवेत विरतं. त्या सात वर्षांत दोन-चार बोटी बांधून झाल्या असत्या, तर आज त्यांच्या देखभालीच्या निमित्ताने तरी दोन्ही नौदलांच्या माणसांचं येणं-जाणं राहिलं असतं.

आणि आपण एके काळी घेणारे होतो, हे नव्या पिढीला कुणी सांगतच नाही. मिग-२१ चा निर्णय १९६२ चा, पहिली विमानं आली १९६३ मध्ये, आणि शेवटच्यांना गेल्या वर्षीच, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, चंडीगडला निरोप दिला. विमानं, रणगाडे, पाणबुड्या, सगळं सोव्हिएत कर्जावर, दोन-अडीच टक्के व्याजाने, लांब मुदतीवर, आणि परतफेड रुपयांत. हे रुपये सोव्हिएत संघ बाहेर नेऊ शकत नव्हता. त्याला त्यांतून भारतीय मालच घ्यावा लागे. म्हणून माझ्या टेबलावर मॉस्कोच्या नावाची जी कागदपत्रं यायची ती चहाची, तंबाखूची, औषधांची, होजिअरीची, चामड्याच्या बुटांची असायची. आमचे एक साहेब बीजकावर सही करताना म्हणायचे, हा मिगचा एक पंख फिटला. कळण्यासारखी गोष्ट आहे की त्या व्यवस्थेत निकृष्ट मालही खपला. एका निर्यातदाराचे बनियन मी स्वतः पाहिले होते. मॉस्कोच्या थंडीत ते कुणाच्या काय उपयोगी पडले असतील, देव जाणे.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. टेलेक्स गप्प झाले, निर्यातदार रोज काउंटरवर येऊन उभे राहायचे. रुबल नक्की किती रुपयांचा, यावर दोन सरकारं भांडत होती. जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा तो वाद मिटला. कर्जाचा मोठा भाग बारा वर्षांत फेडायचा आणि उरलेला बिनव्याजी, पंचेचाळीस वर्षांत, असं ठरलं. ज्या देशाकडून घेतलं तो नकाशावरून गेला तरी हप्ता गेला नाही! विमानांचं उलट झालं. हप्ते बांधून मिळाले, सुटे भाग मिळेनात. कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले. आपल्या एएन-३२ मालवाहू विमानांचं माहेर कीव्हमध्ये, म्हणजे युक्रेनमध्ये. २०१४ नंतर त्या विमानांच्या सुधारणेचं काम कसं रखडलं ते संरक्षण क्षेत्रातल्या लोकांना विचारावं. सी किंग हेलिकॉप्टरचंही तसंच झालं होतं. विकत घेतलं ब्रिटनकडून, पण पोखरणच्या स्फोटांनंतर १९९८ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि अमेरिकी मूळ असलेले भाग अडकले. नौदलाची हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली.

हे सगळं सोसूनही सोव्हिएत कर्जातलं काय टिकलं, तर नाशिकजवळचा ओझरचा विमान कारखाना. मिगसाठी उभारलेली ती जागा, तिथे शिकलेले फिटर, तंत्रज्ञ, त्यांच्या हाताखाली तयार झालेली पुढची फळी. पुढे सुखोई विमानं तिथेच जोडली गेली. म्हणून व्हिएतनामच्या सात नौकांचं मला इतकं कौतुक वाटतं. आपण घेणारे असताना जे मागितलं, म्हणजे वस्तूबरोबर ती बनवण्याचं कसब, ते देणारे झाल्यावर आपण एकदा तरी दिलं.

मालदीवमध्ये ते कसब दिलं नाही, किंवा नीट दिलं नाही. २०१० पासून तिथे आपली हेलिकॉप्टरं होती, २०२० मध्ये डॉर्नियर विमान गेलं. आजारी बेटवासीयांना रात्री-अपरात्री राजधानी माल्याच्या रुग्णालयात पोहोचवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. पण ती चालवणारे आणि सांभाळणारे सगळे आपले. मग भारतीय सैनिकांना घालवण्याची ‘इंडिया आउट’ मोहीम झाली, मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १० मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत आले, त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले. लगेच मालदीवचे संरक्षणमंत्री घसान मौमून यांनी पत्रकारांपुढे कबूल केलं की ही विमानं चालवू शकेल असा वैमानिक आमच्या सैन्यात नाही, प्रशिक्षणाचे टप्पे पुरे झालेच नाहीत. आपल्याकडे समाजमाध्यमांवर या वाक्याची खिल्ली उडवली गेली. मला हसू आलं नाही. पहिलं हेलिकॉप्टर देऊन तोवर चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत एक तुकडी तयार झाली नसेल, तर घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यानेही जाब द्यायला हवा. वैमानिक त्यांचा असता, तर ‘परकी फौज’ म्हणून मतं मागायला कुणाला निमित्त उरलं नसतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मालदीवला ५ कोटी डॉलरचं संरक्षण कर्ज दिलं, मॉरिशसला त्याच महिन्यात १० कोटींचं. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान पुन्हा माल्याला गेले, लष्करासाठी ७२ वाहनं दिली, शिवाय ४,८५० कोटींचं नवं कर्ज, या वेळी प्रथमच रुपयांत. आधीच्या कर्जांचा वार्षिक हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणला. मला रुपयांतल्या कर्जाचं स्वागत करावंसं वाटतं. डॉलर चढला की लहान देशाचा हप्ता आपोआप फुगतो, तो ताप टळेल. पण एका हाताने हप्ता कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने नवं कर्ज द्यायचं, याला बँकेत ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात आणि लेखापरीक्षक त्यावर लाल पेन्सिल मारतात. दोन देशांत मैत्रीखातर ते क्षम्य असेलही. निदान ते उघडपणे सांगावं.

उलट उदाहरणही आहे. २००५ मध्ये आयएनएस तारमुगली ही छोटी गस्ती नौका आपण सेशेल्सला दिली. तिथे तिचं नाव टोपाझ झालं. २०१० मध्ये तिने सोमाली चाच्यांच्या तावडीतून ओलिसांची सुटका केली. तिच्यासाठी ना मोठा आकडा जाहीर झाला होता, ना शिखर परिषद. समुद्राच्या त्या पट्ट्यात चाचेगिरी होती आणि लहान देशाला एक बोट हवी होती, बस्स.

शस्त्र एकदा दिलं की ते कुणाच्या हाती पडेल यावर आपला ताबा राहत नाही, हेही खरं. म्यानमारला दिलेली सिंधुवीर पाणबुडी डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या नौदलात दाखल झाली आणि सव्वा महिन्यात तिथल्या सेनापतींनी सत्ता बळकावली. अफगाणिस्तानला भेट दिलेल्या हेलिकॉप्टरांपैकी एक ऑगस्ट २०२१ मध्ये कुंदुझच्या विमानतळावर तालिबानच्या हाती लागलं. यावर रामबाण उपाय कुणाकडेच नाही. फार तर एवढंच म्हणता येईल की किनाऱ्यावर गस्त घालणारी बोट स्वतःच्या लोकांवर उलटवणं रणगाड्यापेक्षा कठीण असतं. तेव्हा बोटी द्याव्यात.

या कर्जांमागे आपल्या गोद्यांना आणि कारखान्यांना काम मिळावं हाही हेतू आहे. तो लपवायचं काहीच कारण नाही. २०१३-१४ मध्ये आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. यात कर्जावर गेलेला माल किती आणि रोखीने विकलेला किती, हेही वेगळं छापलं जावं. दोन्हीची जोखीम एकसारखी नाही.

तेव्हा, संपादक महोदय, माझी मागणी सरकारकडे आहे तशी आपल्याकडेही आहे. पुढच्या वेळी कुणी पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष दिल्लीला येतील आणि संरक्षण कर्जाचा आकडा जाहीर होईल, तेव्हा त्या देशाला याआधी दिलेल्या कर्जातून उचल किती झाली, तो आकडा त्याच बातमीत, त्याच परिच्छेदात द्यावा. परराष्ट्र मंत्रालयाला विचारा, एक्झिम बँकेला विचारा, खासदारांकरवी संसदेत प्रश्न विचारून घ्या. सोबत हेही विचारा की करारात सुटे भाग आणि देखभाल किती वर्षांची धरली आहे आणि प्रशिक्षणाला किती जण येणार. नव्या नौकेच्या हस्तांतरणाचे फोटो आपण पहिल्या पानावर छापता. पाच वर्षांनी ती नौका बंदरात उभी आहे की समुद्रात, याची बातमी मी तरी कधी वाचलेली नाही. हायफाँगच्या बारा नौकांना आता चार वर्षं होत आली. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी काटछाट केलीत तर हरकत नाही, फक्त आकडे तेवढे तपासून तसेच ठेवावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)